नांगर, नारळ आणि मी

आमच्या माळ्यावर नारळ खवण्याची 47 यंत्रं पडून आहेत. 1981 साली मी ती करवून घेतली. आमच्याकडे स्वयंपाक तेव्हा जमिनीवरून ओट्यावर चढला होता, पण विळी मात्र खालीच राहिली होती. नारळ खवायचा म्हटलं की आमची ही गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत कण्हत खाली बसायची. ते पाहून माझ्यातला उद्योजक जागा झाला. यंत्र ओट्याला आवळायचं, दांडा फिरवायचा, की खोबरं थेट ताटात! प्रॉव्हिडंट फंडातून 4 हजार रुपये काढले आणि एका लेथवाल्याकडून 48 नग करून आणले. पहिला नग मोठ्या थाटात हिच्यापुढे ठेवला. हिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली,

"यंत्रावर खवलं की खोबऱ्याची चव जाते."

"अगं, विळीची खवणीसुद्धा लोखंडाचीच आहे ना?"

"ती वेगळी."

त्या दिवसापासून लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल मला जो आदर वाटू लागला, तो पुस्तकं वाचून कधी वाटला नसता.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून हा माणूस मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेला, आणि आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथं उघडकीला आलं. (एवढा अडथळा आला असता तर मी सरळ कारकून झालो असतो. मी तो आला नाही तरी झालोच, ही गोष्ट निराळी.) लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघा ठेवल्या. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागले. नोकरी चालू असतानाच मुंबईहून सायकली बेळगावला धाडायच्या आणि तिथं बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा जोडधंदाही होता. सायकल चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे! हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. नुसती वस्तू पुढे ठेवून भागत नाही, तिच्यावर बसवून एक फेरीही मारून आणावी लागते. मी हिला दांडा एकदाही फिरवून दाखवला नव्हता.

पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. आधी कडबा कापायचं यंत्र काढलं, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथून टाकतो. गिऱ्हाइकांची रीघ लागायला हवी होती, नाही का? पण शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष चढतं! आता लाकडी नांगराचा फाळ कशाचा असतो? लोखंडाचाच. पण तो वेगळा.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! मी दोन महिन्यांत माळा गाठला होता.

शेतकऱ्याला मी हसत नाही बरं का. हिच्या खोबऱ्याची चव बिघडली तर एक दिवस आमटी बेचव होईल. त्याची पेरणी बिघडली तर वर्षभर घर उपाशी. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता, बलुत्याच्या धान्यावर तो दुरुस्त करून द्यायचा. हा ओतीव नांगर मोडला तर दार कुणाचं ठोठवायचं? शंका विषाची बोलून दाखवत असतील, पण पोटात भीती ही असणार, असं आपलं मला वाटतं.

गिऱ्हाईक मिळायला लागतंय न लागतंय तोच बेळगावात कारखान्याला बसल्या जागेवरून उठायची पाळी आली. यंत्रं हलवायची तर कुठं? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि बिनव्याजी 10 हजार रुपये कर्जाऊ दिले. माळ कसला, निवडुंग आणि साप! त्यावर 1910 साली 25 कामगारांची बिऱ्हाडं घेऊन हा गृहस्थ उतरला. नारळासाठी काढलेल्या माझ्या 4 हजारांची रुखरुख मला रात्रभर झोपू देत नसे. इथं दुसऱ्याचे 10 हजार आणि 25 संसार डोक्यावर. लक्ष्मणराव तिथं झोपत कसे असतील? त्याच निवडुंगाची किर्लोस्करवाडी झाली आणि किर्लोस्करांचा नांगर गावोगाव गेला.

माझा एक नग मात्र तिसऱ्या वर्षी खपला. शेजारच्या काकूंनी नेला. मोठ्या आशेनं चौकशीला गेलो, तर त्यांचा नातू दांडा गरागरा फिरवून मांजा गुंडाळत होता.

हल्ली हिला खाली बसवत नाही. खवलेल्या, गोठवलेल्या खोबऱ्याची पाकिटं आणते. चव छान असते म्हणते. ते कशावर खवलेलं असतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.