शिराज, एर्मिताज आणि दिंडोरी

असोद्याच्या मंडळींना गावाच्या नावाची किंमत सांगायला नको. भरिताचे वांगे घेणारा आधी गाव विचारतो, मग भाव. परंतु मालाला लागलेले गावाचे नाव कशाने टिकते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी आम्ही आज आपणांस फ्रान्सच्या तांबड्या वाइनच्या वाटेने नेणार आहो. कोणी ती प्यावी असा आमचा आग्रह नाही; तिच्यामागची शेती पाहावी, एवढेच.

सतराव्या शतकात बर्निए हा फ्रेंच वैद्य दिल्लीस एका मोगल उमरावाच्या पदरी होता. इराणातील शिराजची वाइन बंदर अब्बासहून जहाजाने सुरतेस येते व तेथून 46 दिवसांत दिल्लीस पोचते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुरतेहून उत्तरेकडे जाणारा एक मोठा रस्ता आपल्या खानदेशातलाच होता. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर ही नावे ताव्हेर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने त्या वाटेवर नोंदली आहेत. शिराजच्या नावाचा असा दबदबा होता.

इकडे फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी एर्मिताज नावाची ग्रॅनाइटची टेकडी आहे. तेथे सिराह ह्या काळ्या द्राक्षाची वाइन करतात. रस सालींसकट आंबवल्यामुळे रंग गडद होतो, तुरटपणा येतो आणि जिभेवर भार जाणवतो. भरदार म्हणतात ती हीच. ‘सिराह’ आणि ‘शिराज’ ह्यांतील साम्यावरून लोकांनी कथा रचली, की तेराव्या शतकात धर्मयुद्धाहून परतलेल्या एका सरदाराने हे द्राक्ष शिराजहून आणले आणि टेकडीवर मठी बांधली. कथा गोड खरी. पण 1998 च्या सुमारास डीएनए तपासणीत ह्या वेलीचे आईबाप सापडले, ते दोन्ही आग्नेय फ्रान्सचेच निघाले.

मग टेकडीचे नाव राखले कोणी? शाव्ह हे घराणे 1481 पासून त्या परिसरात द्राक्षे पिकवीत आले आहे. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीपासून. 1860 नंतर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने मुळे खाऊन फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. उपायही अमेरिकेतूनच आला : तिकडच्या वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधायचे. कष्टकरी कुटुंबांनी बागा पुन्हा उभ्या केल्या. त्यानंतर 1937 मध्ये एर्मिताजच्या नावाला कायद्याचे कुंपण मिळाले.

हेच सिराह ऑस्ट्रेलियात ‘शिराज’ ह्या नावाने रुळले आणि त्याच नावाने नाशिककडे आले. 1997 मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ कुटुंबाच्या जमिनीवर वाइनची द्राक्षे लावली आणि आई सुलभा यांच्यावरून बागेला ‘सुला’ नाव दिले. पुढे त्यांच्या शिराजच्या बाटलीवर दिंडोरीचे नाव झळकले. फ्रान्सची वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो. शेतकऱ्याच्या ह्या कात्रीनेच परक्या वेलीला इथले ऋतू शिकवले. 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

आणि मूळचे शिराज? 1979 च्या क्रांतीनंतर इराणात वाइन करण्यास बंदी झाली. शहराचे नाव जगभर बाटल्यांवर आहे, पण त्या बाटल्यांत शिराजच्या मातीचा थेंबही नाही.

जळगावची केळी आणि जळगावचे भरिताचे वांगे ह्यांनाही 2016 मध्ये मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट, पण मानांकन हे कुंपण आहे, पीक नव्हे. चांगले फळ बियाण्यासाठी झाडावरच पिकू द्यायचे, की तेही बाजारात पाठवून पुढच्या वर्षी मिळेल ते बी लावायचे, हा निर्णय कोणतेही सरकारी कार्यालय करू शकत नाही. तो दर हंगामाला आपल्या घरात होतो. तो चुकत गेला, तर असोद्याचे नाव टोपलीवर राहील आणि टोपलीत दुसरेच वांगे असेल.