कबुली करार : फौजदारी खटल्यातील पुरावा

आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि त्या बदल्यात सरकार पक्षाने काही आरोप मागे घ्यायचे किंवा सौम्य शिक्षेची शिफारस करायची, असा लेखी समझोता म्हणजे कबुली करार. अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणे याच मार्गाने निकाली निघतात. त्यामुळे हा कागद पुढे पुरावा म्हणून चालतो का, यावर सर्वाधिक खल तिथेच झाला आहे.

मागे घेतलेली कबुली त्याच आरोपीवर उलटवता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केर्चेव्हल खटल्यात १९२७ साली ठरवले. फिसकटलेल्या वाटाघाटींत सरकारी वकिलापुढे केलेल्या विधानांनाही संघीय पुरावा नियम ४१० चे संरक्षण आहे. मात्र हे संरक्षण आरोपी सोडून देऊ शकतो, असा निकाल मेझानाटो खटल्यात १९९५ साली लागला. वाटाघाटीला बसण्याआधीच सरकारी वकील तशी अट घालू शकतात. त्यामुळे नियमाचा बराचसा आधार निखळला, असेच म्हणावे लागते.

सहआरोपीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. एकाने गुन्हा कबूल केला म्हणून दुसरा दोषी ठरत नाही. कागदाची उलटतपासणी घेता येत नाही. पण कबुली देणारा स्वतः साक्षीला उभा राहिला, तर त्याचा करार ज्युरीसमोर आलाच पाहिजे, कारण साक्षीची किंमत त्यातूनच कळते. साक्षीदाराला दिलेले आश्वासन दडवले म्हणून जिग्लिओ खटल्यात १९७२ साली फेरसुनावणीचा आदेश झाला. अशा वेळी न्यायाधीश ज्युरीला बजावतात, की हा करार साक्षीदाराची विश्वासार्हता जोखण्यापुरता आहे, समोरच्या आरोपीचा अपराध ठरवण्यासाठी नाही. करारातले ‘खरेच सांगेन’ हे कलम सरतपासणीतच वाचून दाखवावे का, यावर अपील न्यायालयांत एकमत नाही. साक्षीदाराच्या सत्याची हमी सरकारच देत आहे, असा समज ज्युरीचा होण्याचा धोका त्यात खरोखरच आहे.

याचे ठळक उदाहरण हेडलीचे. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागोच्या न्यायालयात बाराही आरोप कबूल केले. बदल्यात फाशी टळली आणि भारताकडे प्रत्यार्पणही टळले. परदेशी खटल्यांत साक्ष देण्याचे त्याने मान्य केले. २०११ मध्ये त्याचा साथीदार तहव्वूर राणा याच्या खटल्यात तो सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार होता. बचाव पक्षाचा रोख याच सौद्यावर होता. ज्युरीने राणाला लष्कर-ए-तैयबाला मदत आणि डेन्मार्कमधील एका वृत्तपत्रावरील हल्ल्याचा कट यांबद्दल दोषी धरले, मुंबईच्या कटाच्या आरोपातून मात्र सोडले.

भारतात प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुली कराराची सोय, जुलै २००६ पासून आहे, पण सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. अर्जात आरोपीने सांगितलेल्या गोष्टी त्या प्रक्रियेबाहेर वापरता येत नाहीत. आज हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. २६/११ सारख्या गुन्ह्याला हा मार्ग खुला नसल्यामुळे, त्या हल्ल्यातील आरोपी अबू जुंदालविरुद्धच्या खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये हेडलीला माफीचा साक्षीदार केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवली गेली. अशा साक्षीला स्वतंत्र पुराव्याची पुष्टी न्यायालये मागतात. इथे संरक्षणही सशर्त असते: साक्षीदाराने जाणूनबुजून काही दडवले किंवा खोटी साक्ष दिली, तर त्याच्यावर खटला चालवता येतो आणि माफी स्वीकारताना दिलेला जबाब त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो.