ओहम नियम व विद्युत् शक्तिगणन

विद्युत् मंडलातील दाब व प्रवाह माहीत असता त्यांच्या भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती काढण्याची रीत. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये मोजल्यास भागाकार ओहममध्ये आणि गुणाकार वॉटमध्ये मिळतो. उदा., २३० व्होल्ट दाबावर १,००० वॉट शक्ती घेणाऱ्या इस्त्रीतून सु. ४·३५ अँपिअर प्रवाह वाहतो व तिच्या तापतारेचा रोध सु. ५३ ओहम असतो. हे गणित आज शालेय अभ्यासक्रमात आहे. परंतु या राशी एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या जाऊन त्यांना सर्वमान्य एकके मिळण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

दाब व प्रवाह यांतील संबंध हेन्री कॅव्हेंडिश यांच्या ध्यानात १७८१ च्या सुमारासच आला होता. प्रवाहमापक उपकरण त्या वेळी उपलब्ध नसल्याने त्यांनी लेडन पात्रातील विद्युत् स्वतःच्या शरीरातून जाऊ देऊन धक्क्याच्या तीव्रतेवरून तुलना केली. हे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ते १८७९ मध्ये संपादून प्रकाशात आणले, तोवर त्यांचा उपयोग उरला नव्हता.

नियमाचे श्रेय गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांना दिले जाते. एर्लांगेन येथील कुलूपकाराचे हे पुत्र कोलोन येथे शिक्षक होते. १८२५ मधील त्यांच्या पहिल्या प्रयोगांत रासायनिक घटांचा दाब सतत ढळत असल्याने मिळालेले सूत्र चुकीचे ठरले. पुढे पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घटाऐवजी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला. २ ते १३० इंच लांबीच्या आठ तांब्याच्या तारा क्रमाने जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीचे विचलन नाहीसे करण्यास लागणाऱ्या पिळावरून त्यांनी प्रवाह मोजला. मंडलाचा एकूण रोध आणि प्रवाह व्यस्त प्रमाणात असतात, हे १८२६ मध्ये त्यातून सिद्ध झाले. फूर्ये यांच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताच्या धर्तीवर केलेली गणिती मांडणी १८२७ मध्ये बर्लिन येथे ग्रंथरूपाने आली.

या ग्रंथाची प्रारंभी फारशी दखल घेतली गेली नाही. घटमालेची ‘तीव्रता’ व विजेची ‘राशी’ अशी संदिग्ध भाषा त्या वेळी रूढ होती आणि मंडलाच्या प्रत्येक भागाला संख्या देण्याची कल्पना अपरिचित होती. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक दिले. म्यूनिक विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापकपद मात्र त्यांना १८५२ मध्ये, मृत्यूपूर्वी दोनच वर्षे मिळाले.

शक्तीच्या गणिताचा पाया जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी घातला. पाण्यात बुडविलेल्या तारेतून प्रवाह सोडून त्यांनी पाण्याची तापमानवाढ मोजली. तारेत दर सेकंदास निर्माण होणारी उष्णता रोध व प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा निष्कर्ष १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोध गुणिले प्रवाह म्हणजे दाब. म्हणून रोध व प्रवाहाचा वर्ग यांचा गुणाकार हा दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराएवढाच असतो.

या नियमांची व्यावहारिक निकड तारायंत्रामुळे भासू लागली. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड व न्यू फाउंडलंड यांच्या दरम्यानची अटलांटिक सागरी तार पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा शंभराहून कमी शब्दांचा संदेश पोहोचण्यास सु. सोळा तास लागले. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांचा भर अल्प दाब व संवेदनशील प्रवाहमापक यांवर होता. कंपनीचे विद्युत् अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी मात्र सु. २,००० व्होल्ट दाब लावला. मुळात सदोष असलेले निरोधक आवरण त्यामुळे अधिकच बिघडले आणि काही आठवड्यांतच तार निकामी झाली. त्यानंतरच्या चौकशीत सर्वमान्य विद्युत् एककांची उणीव स्पष्ट झाली.

टॉमसन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये विद्युत् मानकांसाठी समिती नेमली. मॅक्सवेल, फ्लीमिंग जेंकिन प्रभृतींनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वेटोळे फिरवून रोधाचे एकक ठरविले व १८६५ मध्ये प्रमाण रोधवेटोळी वितरित केली. हे एकक अपेक्षित मूल्यापेक्षा सु. १·३ टक्क्यांनी लहान असल्याचे पुढे आढळले. तरीही तारेच्या रोधावरून बिघाडाचे ठिकाण शोधणे त्यामुळे सुकर झाले. १८७० मध्ये मुंबई–एडन–सुएझ सागरी तार टाकली गेली, तेव्हा अशी तपासणी नित्याची झाली होती. १८८१ च्या पॅरिस परिषदेने ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके स्वीकारली. विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचविलेले वॉट हे शक्तीचे एकक १८८९ मध्ये मान्य झाले.

या गणिताला मर्यादा आहेत. धातूचा रोध तापमानानुसार वाढतो. त्यामुळे २३० व्होल्ट, ६० वॉटच्या तापदीप्त दिव्याचा पेटलेल्या स्थितीतील सु. ८८२ ओहम रोध थंड स्थितीत कित्येक पटींनी कमी असतो. अर्धसंवाहक द्विप्रस्थात दाब व प्रवाह सम प्रमाणात नसतात. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मंडलात सरासरी शक्ती काढताना शक्तिगुणकही विचारात घ्यावा लागतो.

क्लाउस फोन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये लावलेल्या पुंज हॉल परिणामाच्या शोधामुळे रोधाचे मानक नैसर्गिक स्थिरांकांशी जोडणे शक्य झाले. २० मे २०१९ पासून प्लांक स्थिरांक व इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार यांची मूल्ये निश्चित धरली जात असून ओहम हे एकक त्यांवरच आधारलेले आहे.