ओतूरची ढोलकी

जुन्नरचे नाव निघाले की आपल्याला शिवनेरी आठवतो. त्याच तालुक्यातील ओतूरने एकोणिसाव्या शतकात आणखी एक लढाई दिली. 1873 साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि देव व भक्त यांच्यामध्ये दलाल नको, हा जोतीराव फुल्यांचा विचार येथे रुजला. बाळाजी कुसाजी पाटलांनी 1884 साली घरचे लग्न भटजीवाचून लावले. ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून कोर्ट गाठले. 1890 साली मुंबई हायकोर्टाने पाटलांच्या बाजूने कौल दिला.

पण निकालपत्र वाचणार कोण? बहुतेक कुणब्यांना अक्षरओळखच नव्हती. त्यांच्यापर्यंत विचार न्यायचा म्हणून ओतूरच्याच भीमराव महामुनींनी तमाशाचा बाज घेऊन सत्यशोधक जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणे, गण, वग सारे ओळखीचे. मात्र शृंगाराच्या जागी सावकाराचे व्याज, भटाची दक्षिणा आणि शिक्षणाची निकड आली. जलसे गावोगाव फिरले आणि माणसे हसता हसता आपलीच कैफियत ऐकू लागली. पुढे विसाव्या शतकात आंबेडकरी जलशांनी हीच वाट धरली. त्यांची आठवण काढताना ओतूरची ढोलकी विसरून कसे चालेल?