चक्कर येते कानातून

मराठवाड्यात कुणाला गरगरायला लागलं की घरातला पहिला संशय पित्तावर. मग मोरावळा, लिंबाचं सरबत आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. या संशयाची मुळं जुनी आहेत. माधवनिदानातही भ्रमाचं खापर रजोगुण, पित्त आणि वातावरच फुटतं.

कानावर संशय जायला युरोपातही १८६१ साल उजाडलं. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी त्या वर्षी चक्करेचं मूळ आतल्या कानात असू शकतं, असं मांडलं. पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीनं धूत असत. पाणी गार असलं की रुग्णाला भोवंडायचं आणि डोळे एका दिशेला झटके देत. पाणी जास्त गरम असलं की तेच झटके उलट्या दिशेला. तोल कान सांभाळतो, हे असं डोळ्यांत दिसलं. या कामासाठी १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा बारानी रशियाच्या कैदेत होते.

ज्या आजाराबद्दल इथं बोलायचं आहे, त्या तोलाच्या नसेच्या सुजेला १९५२ मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी वेगळं काढलं. अचानक घर फिरू लागतं, उलट्या होतात, चालताना एका बाजूला झोक जातो. ऐकू मात्र लख्ख येतं. अनेकांना आधी ताप किंवा घशा-नाकाचा संसर्ग झालेला असे. तोलाच्या नसेला आलेली ही सूज विषाणूमुळे असावी, असं आज मानतात; मुख्य संशय नसेत दबा धरून बसलेल्या नागिणीच्या भाईबंदावर, हर्पिस सिम्प्लेक्सवर.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या रुग्णालयाला छत्रपती संभाजीनगर आजही ‘घाटी’च म्हणतं. निजामाच्या राज्यात वैद्यकीय शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे, हे लक्षात घेतलं की मराठवाड्याला याचं मोल का वाटतं ते कळतं.

या चक्करेच्या उपचाराची गोष्ट तर अधिक महत्त्वाची. पहिले दोन-तीन दिवस उलटी आणि चक्करेची औषधं लागतात. नंतर पडून राहिल्यानं नुकसानच होतं. कॉथॉर्न आणि कूक्सी या डॉक्टरांनी १९४०च्या दशकात लंडनमध्ये बसवलेले व्यायाम साधे आहेत: आधी नुसते डोळे फिरवायचे, मग मान, मग उठबस, मग चालणं. त्यातून मेंदू नव्यानं तोल शिकतो.

एक धोका मात्र राहतोच. अशीच चक्कर लहान मेंदूच्या पक्षाघातातही येते. २००९ च्या एका अभ्यासात तज्ज्ञांनी रुग्णाच्या डोळ्यांची खाटेवरच केलेली तपासणी पहिल्या दोन दिवसांतल्या एमआरआयपेक्षाही भरवशाची ठरली. म्हणूनच सिल्लोड-वैजापूरहून घाटीत आलेल्या रुग्णाला ‘पित्त आहे’ म्हणून परत पाठवण्याआधी कुणीतरी त्याचे डोळे नीट पाहायला हवेत.