कल्ल्यापासून हळदीच्या पट्टीपर्यंत : ताज्या मासळीची पारख

१/ वेसावे, मढ, गोराई. मुंबई उपनगरांतील या कोळीवाड्यांत मासळीची पारख पिढ्यान्‌पिढ्या हातांनी आणि डोळ्यांनी झाली. कल्ला उचलून तो लाल आहे का पाहायचे, डोळा फुगीर व पाणीदार आहे का न्याहाळायचे, अंग दाबून पाहायचे. ही परीक्षा कोळीण आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये, उघड्यावर होई.

२/ उरलेल्या मासळीला मीठ आणि ऊन तारत असे. बोंबलाच्या अंगात पाणी फार, म्हणून तो चटकन नासतो. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळवण्याची रीत याच गरजेतून रुजली.

३/ १८३० च्या दशकात बोस्टनहून जहाजाने बर्फ मुंबईत येऊ लागला. पण ती श्रीमंतांची चैन होती. पुढे बर्फाचे कारखाने निघाले आणि मासळीचा प्रवास लांबला. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था स्थापन झाली. आज ती अंधेरीच्या वर्सोव्यात आहे.

४/ मग बंद प्लास्टिकचा डबा आला. कल्ला झाकला गेला आणि विश्वास छापील तारखेवर गेला. मात्र मासळी वाटेत किती वेळ बर्फाविना राहिली, हे तारखेला ठाऊक नसते.

५/ उत्तर रसायनशास्त्रात आहे. समुद्री माशातील ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडचे जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन करतात. नासक्या मासळीचा उग्र वास तो हाच. हा वायू अल्कधर्मी असतो, आणि अल्क लागताच हळदीतील कर्क्युमिन पिवळ्याचे तांबडे होते. हळदीच्या डागाला साबण लागला की हेच घडते; हळद-चुन्याच्या कुंकवाचा रंगही असाच खुलतो.

६/ हे कर्क्युमिन धरून ठेवणारा पापुद्रा कोलंबीच्या टरफलांतून मिळू शकतो. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो यांना अळिंबीत कायटिन सापडले. तेच टरफलांतही असते. १८५९ मध्ये शार्ल रूजे यांनी त्यापासून आज कायटोसान म्हणून ओळखला जाणारा पदार्थ मिळवला. अशा पट्ट्यांवर अनेक देशांतील प्रयोगशाळांत काम झाले आहे. हा पापुद्रा मातीत कुजतो.

७/ हे कुजणे महत्त्वाचे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तरी खाड्यांतील जाळ्यांत मासळीबरोबर प्लास्टिक येतच राहिले. मासळी जपणाऱ्या वेष्टनानेच तिचे घर बुजवावे, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

८/ पट्टीलाही मर्यादा आहे. ती वायू ओळखते. पाण्यातील विष किंवा मासळीला चोपडलेले रसायन ओळखत नाही. कोळणीची पारख त्यामुळे कालबाह्य ठरत नाही. बंद डब्याने गिऱ्हाइकाकडून जो कल्ला हिरावला, त्याची जागा घेण्याचा हा एक प्रयत्न आहे.