पाठीवरचे बिऱ्हाड, माथ्यावरचा सूर्य

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते थोड्या कणवेने. ज्याला स्वतःचे दार नाही, दिवा ठेवायला कोनाडा नाही, त्याच्यासाठी ही म्हण. पण युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इकडे हौसेने असे बिऱ्हाड पाठीवर घेणारे पुष्कळ आहेत. मोटारीच्या पोटात बिछाना, ओटा, पाण्याची टाकी, लहानसा फ्रीज. मनाला येईल तेथे मुक्काम. या फिरत्या घराला तिकडे कॅम्पर व्हॅन म्हणतात. तिच्यापुढचा पेच मात्र थेट दिवाळीतला आहे: रात्री दिवा लावायचा कशावर? विजेची तार रानात येत नाही, आणि इंजिन घरघरत ठेवावे तर रानात येऊन साधले काय? मग सूर्यालाच छपरावर बसवायचे. पण सूर्याला बसायला जागा किती लागते, हे कळायला माणसाला फार दिवस लागले.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईत सापडतो. विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ तेथे सरकारी नोकरीत होते. कुलाब्यातल्या आपल्या आवारात त्यांनी ७२ आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचा झोत एका बाष्पकावर धरला आणि नुसत्या उन्हावर अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखवला. १८७८ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. सूर्य सरके तसतशी आरशांची ती चौकट रुळावरून ढकलायला एक माणूस ठेवावा लागे. अडीच घोड्यांसाठी एवढे अंगण आणि वर एक गडी! ऊन फुकट खरे, पण ते पातळ ताकासारखे असते. लोणी हवे तर घागरच मोठी लागते. अ‍ॅडम्ससाहेबांना आवार होते. गाडीला असते फक्त छप्पर.

उन्हाची सरळ वीज करणारा उपयोगी सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी केला, आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये तो जगापुढे आला. पडलेल्या उन्हातले शंभरातले सहा भाग तो विजेत उतरवी. बाकीचे चौऱ्याण्णव वाया! शिवाय एका वॅटची किंमत तीनशे डॉलरांच्या घरात. पुढल्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी सूर्यावर धावणारी मोटार दाखवली, तेव्हा लोक थक्क झाले. पण ती मोटार होती पंधरा इंच लांबीची! सेलेनियमचे बारा घट आणि एक चिमुकली मोटर. माणूस बसेल अशी गाडी हवी म्हणून १९६० च्या आसपास चार्ल्स एस्कॉफरी यांनी १९१२ सालची जुनी बेकर विजेची मोटार घेतली आणि तिच्या माथ्यावर १०,६४० घट बसवले. त्या माणसाच्या चिकाटीला नमस्कार करावा तेवढा थोडा. तरीही छप्पर दिवसभर बॅटरी भरी, तेव्हा कुठे गाडी थोडी धावे.

घट स्वस्त झाले ते वेगळ्याच वाटेने. १९७३ मध्ये इलियट बर्मन यांनी एक्सॉन या तेलकंपनीच्या पैशावर सोलर पॉवर कॉर्पोरेशन काढली. सिलिकॉनच्या टाकाऊ चकत्या वापरून वॅटमागे शंभर डॉलरांचा भाव त्यांनी वीसवर आणला. गिऱ्हाईकही तेलवालेच निघाले: समुद्रातल्या तेलविहिरींवर इशाऱ्याचे दिवे लावायला त्यांना तारेविना वीज हवी होती. तेलाच्या पैशाने सूर्याचे दुकान मांडले गेले, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

तोच विनोद ऑस्ट्रेलियात पुन्हा घडला. जन्माने डॅनिश असलेले साहसी प्रवासी हान्स थोल्स्ट्रप आणि मोटारशर्यतींत नाव झालेले लॅरी पर्किन्स यांनी न्हाणीतल्या टबासारखी दिसणारी एक हलकी गाडी तयार केली. पैसा तेलकंपनी बीपीचा. नाव ठेवले ‘क्वाएट अचीव्हर’, म्हणजे गाजावाजा न करता काम साधणारा. डोक्यावर सुमारे ८ चौरस मीटरचे छप्पर, त्यातून कडक उन्हात मिळणार ७२० वॅट; एका अश्वशक्तीलाही थोडे कमीच. १९ डिसेंबर १९८२ ला पर्थहून निघालेली ही गाडी ७ जानेवारी १९८३ ला सिडनीत पोचली. चार हजारांवर किलोमीटर, वीस दिवस. सायकलस्वाराला लाजवील असा काही वेग नव्हे. पण हाच पल्ला १९१२ मध्ये पहिल्यांदा पेट्रोलवर ओलांडणाऱ्या मोटारीलाही याहून अधिक दिवस लागले होते. ती सौरगाडी पुढे कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. थोल्स्ट्रप मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्याच खटपटीने १९८७ मध्ये डार्विन ते अ‍ॅडलेड सौरमोटारींची शर्यत सुरू झाली.

शर्यतीच्या गाडीत एक माणूस कसाबसा मावतो. तिच्यात बिऱ्हाड कसे थाटणार? म्हणून कॅम्परवाल्यांनी शहाणपणाची वाट धरली. चाके इंजिनाने फिरवावीत आणि घर तेवढे सूर्यावर चालवावे. येथेही सुरुवातीला हिशेब चुकतोच. शंभर वॅटचे एक पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारशे वॅट-तास देते आणि लहान फ्रीज एकटाच त्याहून अधिक खातो. मग दुसरे पॅनेल, तिसरे पॅनेल. आणि लगेच छपराची टंचाई. मध्येच हवेची खिडकी येते. तिची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज पुष्कळ घटते, कारण घट एकामागे एक साखळीत जोडलेले असतात आणि एक अडला की मागचे खोळंबतात. पॅनेल पत्र्याला चिकटवले तर तापते, आणि तापलेला घट दर अंशामागे शेकडा सुमारे ०.४ वीज कमी देतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे पाय लावून खाली दोन बोटे वारा खेळता ठेवतात. त्या पायांच्या स्क्रूंची भोके नीट बुजवली नाहीत, तर पहिल्याच पावसात बिछाना भिजतो. कौले चाळून घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता घट शंभरातले बावीस भाग ऊन विजेत उतरवतो, म्हणजे ‘क्वाएट अचीव्हर’च्या तेवढ्याच छपरातून सतराशे वॅट निघतील. पुण्यातल्या वायवे मोबिलिटीने २०२३ च्या ऑटो एक्स्पोत ‘ईव्हा’ ही छोटी मोटार मांडली. तिच्या छपरावरचे ऊन वर्षाला तीन हजार किलोमीटर पुरेल असे तिच्या कर्त्यांनी सांगितले. दिवसाला आठ किलोमीटर! ऑफिसला जाऊन यायला पुरे, पण त्यावर बिऱ्हाड दूरदेशी जाणार नाही.

हा पेच नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी सोडवला, आणि तोही अ‍ॅडम्ससाहेबांच्या आवाराची आठवण व्हावी अशा रीतीने. चालती गाडी रुंद करता येत नाही. पण बिऱ्हाड बराच वेळ उभेच असते ना? त्यांच्या ‘स्टेला व्हिटा’च्या छपरावर ८.८ चौरस मीटर पॅनेल आहे. मुक्कामाला थांबली की छप्पर वर उचलते, दोन्ही बाजूंनी पंख पसरतात आणि अंगण १७.५ चौरस मीटरचे होते. आत ओटा, बिछाना, न्हाणीघर आहे. त्याच विजेवर चूल आणि त्याच विजेवर चाके. २०२१ च्या शरदात ती आइंडहोवनहून निघाली आणि वाटेत पंख पसरत, मिटत ऑक्टोबरात स्पेनच्या दक्षिण टोकाला, तरीफाला पोचली. समुद्रापलीकडे आफ्रिका दिसत होती.